चणा की शेंगदाणा

"ठराव मान्य असेल त्यांनी हात वर करा," मी म्हणालो. एकही हात हलला नाही. सगळे शंकरजींकडे बघत होते.

शंकरजी मिलमध्ये जॉबर. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला घरी बसवायचं, सगळं त्याच्या हातात. शंकरजींचा हात वर गेला तसे बाकीचे भराभर गेले. त्यात माझ्या वडिलांचा, दादांचाही होता. दादा शंकरजींच्याच खात्यात मागावर कापड विणत.

मध्यभारत राज्य नवं होतं, आमचा पक्षही नवा. समाजवादी मंडळी जुन्या पक्षातून नुकतीच बाहेर पडली होती. म्हणणं साधं होतं: मिल मजुरांची व्हावी, पण मतानं, लाठीनं नाही. मी पक्षाचा ऑफिस सेक्रेटरी. शाखा उभ्या करणं माझं काम. आमच्या घराण्यातला पहिला बीए मी, आणि तो दादांनी डबल पाळ्या करून केलेला. हे मी अजून छाती काढून सांगतो.

जुनी इंदूर वस्तीतल्या या शाखेला आता अध्यक्ष निवडायचा होता. एक नाव शंकरजींचं. दुसरं सूतखात्यातल्या गोमतीबाईंचं.

मी आमच्या वकीलसाहेबांकडे गेलो. पक्षाचं जिल्ह्यातलं काम ते बघत.

"ठराव एकमतानं झाला ना? मग अध्यक्षही तसाच करा."

"साहेब, ते एकमत नाही. एकाचं मत आहे. गुप्त मतदान घेतो."

"अहो, निम्म्यांना वाचता येत नाही!"

"भाजलेले चणे-शेंगदाणे वापरू. चणा म्हणजे शंकरजी, शेंगदाणा म्हणजे गोमतीबाई."

साहेब हसले. "मग सराफ्यात चाटवाल्यांशेजारी ठेलाच लावा ना भिया!"

रविवारी दुपारी प्रत्येकाला एक चणा आणि एक शेंगदाणा दिला. पडद्याआड मटका. हवा तो दाणा आत टाकायचा. लोक बिचकत होते म्हणून दादांना पहिलं पाठवलं.

ते मूठ मिटून बाहेर आले आणि माझी चूक माझ्या लक्षात आली. उरलेला दाणा मुठीतच होता! मुठीत चणा, तर मत गोमतीबाईंना.

शंकरजी दारात उभे. "रामभाऊ, जरा मूठ खोलो."

मुठीत चणा निघाला तर उद्या दादांचा माग दुसऱ्याला.

दादांनी मूठ तोंडाला लावली आणि चावायला लागले. "सकाळपासून पोटात काही नाही, शंकरजी."

सभा हसली. मग जो तो तोंड हलवतच बाहेर येऊ लागला. गोमतीबाई म्हणाल्या, "मेरे तो दाँत नहीं भिया, निगल गई!"

मटका उलटा केला. शेंगदाणे तीन जास्त भरले.

खोलीतली एकुलती एक खुर्ची शंकरजींनी स्वतः पुढे ओढली. "बैठो, बाई." आणि खाली सतरंजीवर बसले.

घरी जाताना मी विचारलं, "दादा, काय खाल्लंत?"

"खारं होतं."

"दोन्ही खारेच होते!"

"बीए झालास ना? मग गुप्त म्हणजे गुप्त."

शेवटपर्यंत त्यांनी सांगितलं नाही.

पुढे मी पुष्कळ शाखा उभ्या केल्या. प्रत्येक मतदानाला पडद्याआड दोन मटके ठेवले, एक मताचा, एक उरलेल्या दाण्याचा. ही अक्कल मला कॉलेजात आली नव्हती.