रुईवरच्या अळ्या

पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन वर्षांनी पावसानं दगा दिला आणि वालूरच्या माळावर हिरवं म्हणून रुईच तेवढी उरली. तिला आमची शेरडं एरवी तोंड लावत नसत. पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या मात्र पानांचा फडशा पाडायच्या. त्यांची केशरी फुलपाखरं व्हायची आणि माळ आपल्या बापाचा असल्यासारखी सावकाश उडायची.

एकदा एका कोतवाल पक्ष्यानं तसलं फुलपाखरू गिळलं. थोड्या वेळानं तो ओकला आणि फांदीवर चोच घासत बसला. मी हे बापाला सांगितलं, कारण त्याचा डोळा त्या रुईवर आहे हे मला दिसत होतं.

"अळीला पचायलंय, मंग शेरडाला का न्हाई पचणार?" तो म्हणाला. "पाखराचं काय घिऊन बसलीस?"

आमच्यात नवा पाला आधी एकाच जनावराला घालायची रीत होती. चार दिवस ते नीट रवंथ करत राहिलं की मग साऱ्या कळपाला. बापानं रुई सुकवली आणि एकुलत्या एक दुभत्या शेळीला घातली. सकाळी ती निवांत रवंथ करत होती. सगळे खूश झाले. मला तो ओकणारा कोतवाल आठवत होता, पण दहा वर्षांच्या पोरीला विचारतो कोण?

वहिनीला दूध येत नव्हतं. तिचं तीन महिन्यांचं बाळ त्याच शेळीच्या दुधावर होतं. तिसऱ्या दिवशी ते ओकायला लागलं. वहिनीनं दूध चाखलं आणि बापाला म्हणाली,

"मामा, दूध कडू लागायलंय. आज नगं पाजायला."

"शेळी धडधाकट हाय. दुधाला काय धाड भरलीय? तुझंच तोंड कडू झालंय."

संध्याकाळी बाळाचे हातपाय गार पडले. जिंतूरला न्यायला बैल जुंपले, पण रस्त्यातच सगळं संपलं.

पुढं शिकले तेव्हा कळलं, अळी रुईचं विष अंगात साठवते. ज्यांना साठवता आलं त्यांना पाखरांनी सोडलं. पिढ्यानपिढ्या त्यांचाच वंश वाढला. तिला स्वतःला काही होत नाही, होतं ते तिला खाणाऱ्याला. मी पुस्तक मिटलं आणि रडले. दुधानंच झालं असं छातीठोकपणे कुणी सांगणार नाही. मला कुणी सांगायची गरजही नाही.

शेळी आणखी पाच वर्षं जगली. दुभती असेल तेव्हा वहिनी रोज तिची धार काढायची आणि बापासमोर उभी राहून सगळं दूध मातीत ओतायची. तो एकदाही नको म्हणाला नाही.