मोरादीसाहेबांची खानेसुमारी

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कोट काढताना एक कानावर पडतो, केटलपाशी दुसरा. नोकरी सुटल्यावर कळतं, आपण घरी आणलं ते एवढंच! माझ्याकडचे फारसे हसण्यासारखे नाहीत, तरी सांगते.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नवऱ्याच्या व्हिसावर नागपूरहून कॉव्हेंट्रीला आले आणि एका सॉलिसिटरकडे टायपिस्ट म्हणून लागले. बॉसचं नाव लिंडा. ती असायलमच्या, म्हणजे आश्रय मागणाऱ्यांच्या, केसेस बघायची. इराणी क्लायंट असला की दुभाषी म्हणून मोरादीसाहेब यायचे. साठीचे, कायम टाय. तिकडे इराणात ते एका डोंगराळ तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. गावोगाव फिरून माणसं मोजायचे.

*

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "मोजणीला फारसीत काय म्हणतात?"

"माणसांची ती सरशोमारी. आधी घरं मोजायची, ती खाने-शोमारी."

मी खुर्चीतून उठलेच! "अहो, आमचे आजोबा जनगणनेला खानेसुमारीच म्हणायचे!"

"मग त्यांना विचारा," ते म्हणाले, "मोजलेली माणसं जातात कुठे?"

*

गावात दोनतीनच घरं उरली, की छापील यादीत लोकसंख्येचा आकडा येत नसे. त्या जागी नुसती चांदणीची खूण.

"एका गावात एकच म्हातारी उरली होती," मोरादीसाहेब सांगत होते. "तिनं चहा पाजला, शेळ्या, अक्रोडाची झाडं, सगळं लिहायला लावलं. यादी छापून आल्यावर मी मुद्दाम दाखवायला नेली. म्हणाली, 'यात मी कुठाय?' मी चांदणीवर बोट ठेवलं."

"मग?"

"म्हणाली, 'अरे, अजून जिवंत आहे मी!'"

*

एका सुताराचा अर्ज फेटाळला गेला. कारण काय, तर तो सांगतो त्या गावात कित्येक वर्षांत वस्तीच नाही!

"त्या नावाची गावं दोन आहेत," मोरादीसाहेब म्हणाले. "वरचं ओसाड, खालचं भरलेलं."

"आमच्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात तसं," मी म्हटलं.

लिंडानं दोन पानी पत्र लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं : 'अर्जदार नक्की किती उंचीवर राहत होता, ते कृपया कळवावे.'

सुताराला ते भाषांतर करून सांगायचं काम मोरादीसाहेबांचंच.

*

एकदा ते कौन्सिलचा फॉर्म घेऊन आले. 'घरात राहणाऱ्या व्यक्ती', खाली सहा ओळी. पहिलीत स्वतःचं नाव लिहिलं आणि पट्टी लावून बाकीच्या पाच ओळींवर काट मारली.

"कोऱ्या सोडल्या तरी चालतात," मी म्हटलं.

"कारकुनानं जागा कोरी ठेवू नये. मागून कुणीतरी नाव घुसवतं."

"इथे कोण घुसवणार?"

"कुणी घुसवलं तर बरंच होईल," ते म्हणाले आणि पाकीट चिकटवलं.

*

नोव्हेंबरात एक बाई आल्या. सत्तरीच्या, काळी शाल. त्यांच्या धाकट्या दोन मुलांना पोलिसांनी उचलून नेलं होतं, ते परत आले नाहीत. पण त्यांनी आणलेल्या तालुका कचेरीच्या जुन्या दाखल्यावर मुलगे चारच होते, आणि ते चौघेही सुखरूप.

"आणखी दोन होते, याला काहीतरी पुरावा हवा," लिंडा म्हणाली.

मोरादीसाहेबांनी ते फारसीत सांगितलं. बाईंनी तेव्हा पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोलू लागल्या.

दुभाष्यानं क्लायंटचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगायचं असतं. मोरादीसाहेब सांगत गेले, "मोजणीवाला आला तेव्हा धाकट्या दोघांना मी भुशाच्या कोठीत लपवलं. यादीत आले की पुढे सैन्यात नेतील म्हणून. आतून खोकला आला. कारकुनानं ऐकला. मी त्याचे पाय धरले. त्यानं चार लिहिले."

"म्हणजे त्या कारकुनाला माहीत होतं!" लिंडा पेन सरसावून म्हणाली. "नाव विचारा त्याचं."

मोरादीसाहेबांनी विचारलं नाही.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "एम. ओ. आर. ए. डी."

लिंडाचं पेन थांबलं.

"आय," मोरादीसाहेब म्हणाले.