डाव्या बाजूचा बूट

यंत्राशी मी आयुष्यात कधी बेइमानी केली नाही — हे वाक्य माझ्या सत्कारात माईकवरून वाचलं गेलं. लिहून मीच दिलं होतं. खांद्यावर शाल असली की माणूस स्वतःबद्दल काहीही ऐकून घेतो. पुढचं मात्र कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन मी कामरगावात गॅरेज टाकलं. तिथे लिलावात निघालेला एक लष्करी ट्रक यायचा. काळ्या मातीत रुतत नाही म्हणून मालकाने बोअरचे पाइप वाहायला घेतलेला. त्याची पुढची चाकंही इंजिनाच्या जोरावर फिरतात आणि त्यांच्या सांध्यांवर घड्यांचं रबरी आवरण असतं. त्याला आम्ही बूट म्हणतो. आतलं ग्रीस आत, बाहेरची माती बाहेर — एवढंच त्याचं काम. दोन्ही बूट फाटले होते; मालकाने दोन नवे आणून दिले होते.

ट्रक गनीभाई चालवायचा. मला उस्ताद म्हणायचा. मला ते आवडायचं — हेही सांगून टाकतो.

उजवा बूट बदलण्यातच दिवस गेला. चाक, हब, सगळं उतरवावं लागतं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं पूजेत बसतात, पान्याला कुणी हात लावत नाही. आणि दसऱ्याला मालकाला गाडी दारात हवी होती. उशीर होईल, असं सांगता आलं असतं. पण उस्तादाला उशीर कसा होईल? पूजाअर्चेला एरवी हसणारा मी — पाने पूजेत मांडले आणि सुटल्यासारखं वाटलं. मग जुना डावा बूट पुसला, पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवला, वरून काळा रंग मारला. त्याला पाना लागत नाही.

गनीभाईने विचारलं, "उस्ताद, दोनी बाजूचे झाले ना?"

"झाले."

काही आठवड्यांनी इंझोरीकडच्या एका वळणावर चाक वळलं, ते सरळ झालंच नाही. ट्रक नाल्यात गेला. शेजारी बसलेला गनीभाईचा धाकटा भाऊ जागीच गेला.

तपासायला मालकाने मलाच बोलावलं. लष्करातला माणूस — माझ्या शब्दावर शंका कोण घेणार? डावा सांधा मी एकट्याने उघडला. सांधा जाम झाला होता, आत माती होती. चिंधीने पुसून काढली. बाहेर येऊन सांगितलं, गाडीत दोष नाही.

मग दोष उरला कुणाचा?

दवाखान्यात मी गनीभाईला भेटायला गेलो. तो म्हणाला, "माहाच डोया लागला असन, उस्ताद. मले काही आठवून नाई राह्यलं."

मी मान हलवली. नाही म्हणून नव्हे — हो म्हणून.

त्याने पुन्हा स्टिअरिंग धरलं नाही. स्टँडवर जीपवाल्यांना चहा विकायचा, आणि प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगायचा — झोप आली तं थांबत जा बाप्पा, मी नाई थांबलो. मी तिथेच बाकावर बसून चहा प्यायचो. ऐकायचो. पैसे तो माझ्याकडून घेत नसे. गेल्या हिवाळ्यात तो वारला. शेवटपर्यंत, आपण झोपलो होतो असंच समजत.

डाव्या बाजूचा नवा बूट अजून कपाटावर आहे. दर खंडेनवमीला बायको पान्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू लावते. एवढ्या वर्षांत रबर कडक झालंय. आता तो कुठल्याच गाडीला बसणार नाही.