अंगठ्याची सुट्टी

दारातूनच ती म्हातारी मावशी उजवा अंगठा वर धरून यायची. त्यावर निळी शाई आधीच लावलेली. "लावूनच आली बाबू, तुहा टाइम वाचंल," म्हणायची. रेशन दुकानातल्या पॅडवर अंगठा दाबायचा आणि तो लुगड्याला लागू नये म्हणून जपत आमच्या केंद्रापर्यंत यायचं. जन्मभर अंगठा म्हटलं की शाई, एवढंच तिला माहीत. मी आधी तिचा अंगठा पुसायचो, मग यंत्राची काच.

गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बँकेची शाखा नाही. कॉलेजातून आल्यावर मी अंगठ्याचा ठसा ओळखून खात्यातले पैसे काढून देणारं यंत्र घेऊन त्या केंद्रात बसायचो. नोटबंदीनंतरचे ते दिवस. कॉलेजच्या वादविवादात मी रोखरहित व्यवहाराच्या बाजूने बोललो होतो. ती बाजू पूर्ण चुकीची होती, असं आजही मला म्हणवत नाही. लोकांची तालुक्याची खेप वाचत होती, हे मी रोज पाहत होतो. पण यंत्राला तिचा अंगठा ओळखू येत नव्हता.

ती बोडीत, गावाच्या लहान तळ्यात, उतरून शिंगाडे तोडायची, घरी उकडून सोलायची. काट्यांनी आणि सालींनी बोटं काळी, गुळगुळीत झालेली. तुम्हीही असे हात पाहिले असतील. निराधार योजनेचे पैसे खात्यात जमा होत, आणि तिथेच राहत.

"हा काऊन नाही म्हणून रायला? मी मेली का?" यंत्राकडे बोट दाखवून ती मला विचारायची.

रांगेतला एकजण म्हणाला, दुसऱ्याचा अंगठा उधार घे मावशी. "तुहाच दे," ती म्हणाली, "तसाही रिकामाच रायते." सगळे हसले. तोही हसला.

शेवटी मी तिला गोरेगावच्या शाखेत नेलं. साहेबांनी त्या वेळेपुरते पैसे दिले आणि चांगल्या मनाने सांगितलं की महिनाभर हाताला आराम द्या, रेषा परत येतील, मग गावातच काम होईल.

तिने ते मनावर घेतलं. ऐन हंगामात बोडीवर सून एकटी जाऊ लागली. ही बोटांना तेल लावून आमच्या पायरीवर बसायची. हातांचं काय करावं, ते तिला समजत नसे. कोणी विचारलं तर सांगायची, "सुट्टीवर आहे. मी नाही, अंगठा."

महिन्याने यंत्राने तिला पहिल्याच वेळी ओळखलं. मला फार आनंद झाला. तिने पैसे पदराला बांधले आणि विचारलं, "आता बोडीत गेली त?"

मी चाचरत म्हणालो, रेषा पुन्हा झिजतील.

"म्हणजे माही कमाई बुडवून मले ओळखते हा."

पुढच्या महिन्यात ती आली नाही. मीच बोडीवर गेलो. ती छातीभर पाण्यात होती, शेजारी हवा भरलेल्या ट्यूबवर ठेवलेली टोपली तरंगत होती. काठावरून मी ओरडून सांगितलं की पैसे जमा झालेत, एकदा येऊन तर बघ.

तिने वेल उलटून शिंगाडा तोडला.

"त्याले सांग बाबू, बाई कामावर आहे."

आणि टोपली पुढे ढकलत ती खोल पाण्याकडे सरकली.