परवा म्हणजे नेमका कधी

साल दोन हजार बारा, माझं वय बहात्तर. नात सायली सुट्टीत रोज दुपारी एक जुनी विलायती मालिका लावायची. त्यातला माणूस यंत्रात बसून हव्या त्या काळात जायचा आणि परग्रहावरच्या लोकांशी भांडायचा. मी दुसरी शिकलेला, इंग्रजीचा गंध नाही. सायली मराठीत सांगायची, मी ऐकायचो.

एका दुपारी ती म्हणाली, "आजोबा, गावावरचा हल्ला परवाचा आहे."

मी सरसावून बसलो. दोन दिवस हातात आहेत, म्हातारीकोतारी आधी हलवा, असं टीव्हीलाच ओरडून सांगू लागलो.

सायली हसून लोळली. "अहो, झालेला परवा! गाव कधीच जळलं!"

"मग तसं बोलावं. मी नाही चुकलो."

"तुम्ही कधी चुकता का! जा, मला नाही बघायचं तुमच्याबरोबर." तिनं टीव्ही बंद केला.

माझ्या डोक्यात सणक गेली. गेलेल्या दिवसाला आणि यायच्या दिवसाला एकच नाव कुणी ठेवलं? इतकी वर्षं हा शब्द वापरला, कधी अडलं नाही, कारण समोरचा आपल्याच दिवसात बसलेला असायचा. इथं एका सतरंजीवर बसून आम्ही दोघं वेगवेगळ्या परवांत होतो. राग शब्दाचा होता, आणि शब्दाशी भांडता येत नाही. म्हणून पोरीशी भांडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दाराशी गेलो आणि म्हणालो, "बाई, तो भाग पहिल्यापासून लाव. मी मध्ये बोलणार नाही."