हरणआप्पांचा अर्ज

शिरोली एमआयडीसीत आप्पांचा आवाज तीन शेड पलीकडे ऐकू जायचा. जंगलाच्या फाटकातून जीप आत शिरली की तोच माणूस मुका व्हायचा. नुसता गप्प नव्हे, मुका. तहान लागली तर बाटलीकडे बोट करायचे, शिंक आली तर उपरणं तोंडात कोंबायचे. सगळी फौंड्री त्यांना हरणआप्पा म्हणायची. मी तिथे डिस्पॅचच्या ऑफिसात होते आणि ते कास्टिंग घासायच्या खात्याचे मुकादम. ग्राइंडरच्या गोंगाटात तीस-एक वर्षं काढलेला माणूस, तो हळू कसा बोलणार? पण ते स्वतः याचं श्रेय आजोबांना द्यायचे. आजोबा म्हणे संस्थानी काळात शिकारीच्या वेळी जनावरं उठवायला हाकारा घालायचे. "आज्यानं हरणं पळवली, म्या बघतो. फिटंफाट झाली की," असं ते म्हणायचे.

लोक जंगलात वाघ बघायला जातात, आप्पा हरणं बघायला जायचे. एकदा कर्नाटकातल्या एका जंगलात आमच्या जीपपुढून खराखुरा वाघ रस्ता ओलांडून गेला. आम्ही पाच जण श्वास रोखून बघत होतो आणि आप्पा पाठ फिरवून मागच्या चितळांकडे बघत होते. परत आल्यावर मी त्यांना म्हटलं, आप्पा, वाघ होता हो. ते म्हणाले, "आसंल की. त्यो काय माझा पावणा हाय व्हय?" ही गोष्ट फौंड्रीत महिनाभर पुरली. कँटीनमध्ये कुणी त्यांना चहा दिला की म्हणायचा, आप्पा, चहा समोर हाय, मागं बघू नगासा.

नावाच्या बाबतीत मात्र ते भलते कडक होते. त्यांच्यासमोर कुणी सरसकट 'हरिण' म्हटलेलं चालायचं नाही. चितळाला चितळ, सांबराला सांबर, भेकराला भेकर म्हटलंच पाहिजे. एका लग्नात जेवणाच्या पंगतीत नवरदेवाच्या मामांनी मोबाइलवर काळविटाचा फोटो दाखवून "काय झकास सांबर आहे बघा" म्हटलं. आप्पांनी घास ताटात ठेवला. "पावणं, तुमास्नी कुणी दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तर चालंल काय? मग त्येला का?" मंडपात सगळ्यांना ऐकू गेलं. मामा बिचारे पुढची जिलबी न घेता उठले. वहीत, पुस्तकात, लग्नात, कुठेही असो, जनावराचं नाव चुकलं की आप्पा सोडायचे नाहीत.

तर दरवर्षी दिवाळी झाली की आमचा एक सोमवार ठरलेला असे. सोमवारी फौंड्रीला सुट्टी. आम्ही जीपमधले सहा जण उचगावला आप्पांच्या सोप्यात जमायचो आणि औंदा कुठल्या राज्यातल्या जंगलासाठी अर्ज टाकायचा यावर वाद घालायचो. परमिटं मोजकी, फाटकं मोजकी आणि मागणारे साऱ्या देशातले. तेव्हा अर्ज कुठे टाकायचा यालाच सगळी अक्कल लागते. बाकीचे नावाजलेली जंगलं सुचवायचे आणि आप्पा एकेक नाव उडवून लावायचे. "मटणाला जायचं तर गर्दीची खानावळ बघावी आणि जंगलाला जायचं तर रिकामं फाटक बघावं," हा त्यांचा पहिला नियम. जिथे वाघाचं नाव मोठं तिथे जायचंच नाही, कारण तिथे परमिट मिळत नाही आणि मिळालं तरी वीस जीपच्या धुरळ्यात हरणं उभी राहत नाहीत. गवत कुठे बरं आहे, पाऊस कुठे कमी झालाय, याची ते ट्रक ड्रायव्हरांकडून चौकशी करून ठेवायचे. आमचा माल गुजरातपासून तमिळनाडूपर्यंत जायचा, त्यामुळे त्यांचे खबरे सगळीकडे होते.

या हिशेबाने आम्ही सौराष्ट्रात काळविटं बघितली, राजस्थानात चिंकारा बघितला, कर्नाटकात तर किती वेळा गेलो. आमच्या लॅबमधले एक गृहस्थ मात्र मध्य प्रदेशातल्या एका नामांकित जंगलासाठी हटून बसले होते. दरवर्षी तिथेच अर्ज टाकायचे, दरवर्षी हात हलवत घरी. आप्पा म्हणायचे, "त्यानं नवस बोलून ठेवलाय. आपुन दर्शन घिऊन आलो बी. मिळंल तिथं जायचं मॅडम, न मिळणाऱ्याची वाट बघत बसलं की वय निघून जातंय." मला हे पटायचं. अजूनही पटतं.

त्यांच्या घरातल्या एका माणसाला मात्र ते कुठेच नेऊ शकत नव्हते. काकींना. काकी म्हणजे आप्पांची बायको. त्यांच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि त्या काकींशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडायच्या नाहीत. एकदा काकी माहेरी लग्नाला म्हणून एक रात्र राहिल्या, तेव्हा जाऊबाईंनी काकींचं लुगडं नेसून धार काढायला बघितलं. म्हशीनं चरवी लाथेनं उडवली. एक आटली की दुसरी व्यालेली असायची, त्यामुळे काकींना सुट्टी अशी कधी नव्हतीच. आमच्या सोमवारच्या बैठकीत त्या चहा ठेवून उंबऱ्यावर बसायच्या आणि ऐकायच्या. एका दिवाळीनंतर त्यांनी मधेच विचारलं, "त्ये बारा शिंगांचं हरण म्हणतासा, ते खरंच हाय व्हय?"

बाराशिंग्याबद्दल आप्पाच घरी बोलले असणार. त्यांनी तो समजावून सांगितला. एकेका शिंगाला पाच-सहा फाटे, दलदलीच्या गवतात राहतो, आणि आपल्याला बघायचा तर त्या मध्य प्रदेशाकडच्या जंगलांतच. काकी म्हणाल्या, "तुमी तरी बघितलंयसा काय?"  आप्पांनी बघितला नव्हता, कारण तो होता तिथे गर्दी होती आणि गर्दीत अर्ज टाकायचा नाही हा त्यांचाच नियम. काकी हसून म्हणाल्या, "मग एकदा मला घिऊन चला. दोघं बी बघू." काकींनी आप्पांकडे काही मागितलेलं मी त्या घरात तेवढं एकदाच ऐकलं. आप्पांनी "नेतो की" म्हटलं आणि विषय मिटला, असं आम्हाला वाटलं.

पुढे आप्पांना जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदयाची झडप नीट चालत नाही असं सांगितलं, औषधं दिली आणि लांबचे प्रवास यापुढे जपून, शक्यतो नकोतच, म्हणून बजावलं. त्याच वर्षी थोरली म्हैस विकली होती. धाकटी गाभण होती आणि पौषात आटणार होती. म्हणजे पौष ते फाल्गुन गोठ्यात धार नाही. वैरण-पाणी जाऊबाई बघू शकत होत्या. त्या सोमवारी आप्पांनी कुणाला बोलू दिलं नाही. म्हणाले, "औंदा अर्ज मध्य प्रदेशात. आमच्या मंडळीला बाराशिंगं दावायचं हाय. ही म्हस फिरून आटंपर्यंत माझं काय सांगावं?" कुणीच वाद घातला नाही. आमच्या सहांतल्या एकाने काकींसाठी आपली जागा सोडली.

अर्ज भरायला मोबाइल घेऊन मी बसले. आप्पा माझ्या मागे उभे. परमिटं खुली झाली आणि पडद्यावरचं चाक गरगर फिरत राहिलं. थांबलं तेव्हा सगळी फाटकं भरलेली होती. दुसरी तारीख, तिसरी तारीख, सगळं तेच. नंतर रद्द झालेली परमिटं मिळतात का म्हणून मी रोज बघायचे, आप्पा रोज डबा खाऊन झाला की ऑफिसच्या दाराशी यायचे. माझ्याकडे बघून परत जायचे. आयुष्यभर अर्ज कुठे टाकावा हे सांगणारा माणूस, त्याचा स्वतःचा अर्ज नेमका लागला नाही, आणि मला त्याचा राग येत होता, कुणावर ते कळत नव्हतं.

माघ लागला तेव्हा ते म्हणाले, "कर्नाटकात टाका." तिथे बाराशिंगा नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. काकींना त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. परमिट लगेच मिळालं. काकी नवं जरीकाठी लुगडं नेसून, पायात सुनेचे बूट घालून जीपमध्ये मधल्या रांगेत बसल्या. फाटक मागे पडलं आणि आप्पा सवयीप्रमाणे मुके झाले.

दुपार कलताना तळ्याच्या कडेला एक मोठा सांबर नर उभा होता. गुडघाभर पाण्यात, मान वर, शिंगं उन्हात. जीप थांबली. गाइड तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते जंगलात बोलले. अगदी हळू.

"त्ये बघ. बाराशिंगं."

गाइडने आमच्याकडे बघितलं. आम्ही झाडांकडे बघितलं.  काकी बराच वेळ त्या जनावराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई बरं झालं बघा आलो ते." आप्पांनी नुसती मान हलवली. परतीच्या वाटेवर ते निपाणीला चहालाही उतरले नाहीत.

सोमवार सरल्यावर ते ऑफिसच्या दाराशी आले. म्हणाले, "मॅडम, खोटं बोललो."

मी म्हटलं, "असू दे आप्पा."

"परमिट मिळालं असतं तर बोललो नसतो," म्हणाले आणि खात्याकडे निघून गेले. जाताना कुणावर तरी ओरडल्याचा आवाज आला, पण नेहमीचा दम त्यात नव्हता.

त्या श्रावणात आप्पा गेले. फौंड्री दुपारपर्यंत बंद ठेवली होती. आमच्या सोमवारच्या बैठका आपोआप थांबल्या. काकींनी धाकटी म्हैसही पुढे विकली, कारण गुडघे धरले होते आणि खाली बसून धार काढणं होईना.

गेल्या वर्षी मी सहज, वाटेत बस थांबली असताना, मोबाइलवर मध्य प्रदेशातल्या त्या जंगलाचं परमिटाचं पान उघडलं. रद्द झालेली परमिटं दिसली. मी एक क्षण विचार केला आणि काकींना फोन लावला. खरं सांगते, मला भीती वाटत होती. त्या म्हणतील, माझं बघून झालंय, आता कशाला? मग मी काय उत्तर देणार होते? पण त्या म्हणाल्या, "येतो की. कधी निघायचं?"

सकाळचं धुकं हळूहळू वर सरकत होतं. सोनेरी गवताचं लांबलचक मैदान, आणि त्यात पंधरा-वीस बाराशिंगे चरत होते. मला आप्पांची आठवण आली. गाइडने एका मोठ्या नराकडे बोट करून बाराशिंगा हे नाव मोठ्या अभिमानाने सांगितलं. आता काकी विचारणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. काकींनी जीपच्या दांडीवर बोट टेकवलं आणि ओठ हलवत एकेक फाटा मोजला. बारापर्यंत गेल्या.

"त्येला सहाच हुती," त्या म्हणाल्या.

 "काकी, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"मोजाय येतंय की मला." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा त्या नराकडे नीट बघून घेतलं. "पर खरं सांगू काय? त्ये ह्याच्यापरास देखणं हुतं."