उजव्या नाकपुडीतला वास

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि मला तो वास यायला लागला.

परळच्या एका म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत मी शिक्षिका होते. नोकरीचं दुसरं वर्ष. गिरगावातल्या फणसवाडीतून ट्रामने यायचे. शिक्षकांच्या खोलीत एक लांब टेबल होतं आणि दोन्ही बाजूंना बाकं. माझ्या उजव्या हाताला बसायची ती वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी. वडील गिरणीत, आई इस्पितळात आया. घरच्यांनी नुकताच बौद्ध धर्म घेतला होता आणि ती हे मान ताठ ठेवून सांगायची. आम्ही सगळ्याच एकमेकींना ‘बाई’ म्हणायचो. तिचं अक्षर शाळेत सगळ्यांत देखणं, म्हणून दारातल्या फळ्यावर रोजचा सुविचार तीच लिहायची.

वास वह्या तपासताना यायचा. मान खाली घालून बसलं की थोड्या वेळात सुरू. ओलं फडकं आठ दिवस कोपऱ्यात पडून कुजावं तसा. मान वर केली की कमी व्हायचा. घरी तांदूळ निवडतानाही यायचा, पण तेव्हा मी वाडीतलं गटार तुंबलंय असं म्हणायचे. ट्राममध्ये आला तर शेजारच्या माणसाचा. शाळेत आला तर तिचा.

खरं तर तिच्या पातळाची घडी मोडलेली मी कधी पाहिली नव्हती. डब्याचं म्हणाल, तर आमच्याही घरी सुका बांगडा भाजला जायचा, त्यामुळे मासळीचं निमित्तही मला नव्हतं. तरी वास तिचाच, हे मी एका दिवसात ठरवून टाकलं. ती कुठून येते, कोणाच्या घरातली आहे, ते मला ठाऊक होतं, म्हणून. तेव्हा हे शब्द मनात उमटलेसुद्धा नाहीत. उमटण्याची गरजच पडली नाही.

आधी मी हातरुमालाला अत्तर लावून आणायला लागले. मग बाकावर सरकून बसायला लागले. एके दिवशी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, विचारलं, “रुमाल कशाला सारखा नाकाला? बरं नाही का?”

“मला काही नाही हो,” मी आवाज खाली आणून म्हटलं. “शेजारी बसवत नाही.”

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. नुसती मान डोलावली. इतक्या सहज त्यांनी ते मानलं, की मला बरंच वाटलं.

त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावून काय सांगितलं ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली ती ओल्या केसांनी, मानेवर पावडरीचा पांढरा थर. बाकावर बसलीच नाही. वह्यांचा गठ्ठा उचलून रिकाम्या वर्गात गेली, आणि मग रोजच तिथे जायला लागली. बाकीच्या बायकांनी काय ते ओळखलं. माठातलं पाणी घ्यायला ती आली की दोघीतिघी हळूच बाजूला व्हायच्या. वास मला तरीही येत होता. मी म्हणायचे, बाकालाच बसलाय.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका दुपारी नाक्यावर मोर्चा अडवला, दगडफेक झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मुली घरी पाठवल्या. ट्राम बंद. मी फाटकाशी उभी होते, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आता गिरगावात जायचं कसं हे सुचत नव्हतं. ती मागून आली.

“माझ्याकडे चला बाई. आतल्या रस्त्यांनी जाऊ. निवळलं की माझा भाऊ सोडेल तुम्हाला.”

मला नको होतं. पण दुसरा इलाजही नव्हता. तिने माझा हात धरला आणि गल्ल्यागल्ल्यांतून मला वरळीला नेलं.

त्यांची एकच खोली होती. भांडी ओळीने लावलेली, फरशी पुसून लख्ख. तिची आई इस्पितळातली पाळी संपवून नुकतीच घरी आली होती. तिने मला मोरीशी बसवलं आणि डोळ्यांवर तांब्याने गार पाणी सोडलं. मी खाली वाकले आणि तो वास असा उसळला, की मला ओकारी आली. मनात आलं, ही यांची मोरी. तेवढ्यात नाकातून काहीतरी ओघळलं. आईने मला पंचा दिला. मी नाक पुसलं. आईने तो पंचा माझ्या हातातून परत घेतला आणि दारातल्या उजेडात धरून पाहिला.

“पिवळं हाय,” ती म्हणाली. “एकाच नाकपुडीतनं येतं का गं, पोरी?”

“उजव्या.”

“आन् वरची दाढ? दुखायची का?”

दुखायची. दिवाळीआधी फार दुखली, मग आपोआप थांबली, म्हणून मी विसरूनही गेले होते. त्यानंतरची सर्दी मात्र हटलीच नव्हती.

“वास येत असंल तुला. खाली वाकलं की जास्त.” ती कान-नाक-घशाच्या वॉर्डात बारा वर्षं काम करत होती. “दाढेचा पू नाकात उतरलाय. उद्या ये इस्पितळात, मी डॉक्टरास्नी दाखवते.”

मी तिच्या मुलीकडे पाहिलं. ती स्टोव्हला पंप मारत होती. तिचा हात थांबला, तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि परत पंप मारायला लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कपाळावर आरसा बांधून नाकात पाहिलं, गालावर बोटाने ठोकलं, दाढ तपासली. गालाच्या हाडात एक पोकळी असते, वरच्या दाढांची मुळं तिला जवळजवळ टेकलेली असतात, ते म्हणाले. दाढ आतून सडली होती आणि ती पोकळी पुवाने भरली होती. अशा वासाची इतर कारणंही त्यांनी सांगितली. काहींच्या नाकाची आतली कातडी सुकून खपल्या धरतात, त्यांना स्वतःला वास कळत नाही, घरच्यांना मात्र बसवत नाही. लहान मुलांनी नाकात चिंचोका घातला तरी असाच एका बाजूने वास येतो.

“मग माझा वास दुसऱ्यांना येत असेल?” मी विचारलं.

“जवळ बसणाऱ्याला येतही असेल,” ते म्हणाले.

रिकाम्या वर्गात जाईपर्यंत जवळ तीच बसत होती. दोन महिने. तिने कधी रुमाल काढला नव्हता.

दाढ काढली. मग नाक बधिर करून जाड सुईने ती पोकळी धुतली. ट्रेमध्ये जे पडलं त्याच्या वासाने नर्सने तोंड फिरवलं. ट्रे धरून उभी होती तिची आई, तिने नाही फिरवलं. पेनिसिलिनची इंजेक्शनं झाली, रोज सकाळी कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं. तीन आठवड्यांत वास गेला.

शाळेत गेले आणि मी तिला रिकाम्या वर्गात गाठलं.

“बाई, तो वास माझाच होता. मोठ्या बाईंना मी सांगितलं होतं...”

“मला माहीत आहे कुणी सांगितलं ते.” तिने वहीवरून नजर काढली नाही. “महिनाभर मी दोनदा आंघोळ करत होते. चाळीतलं पाणी तुम्हाला ठाऊक नाही. रोज आईला विचारायचे, बघ गं, येतो का? ती हुंगून म्हणायची, नाही. मला वाटायचं, आई आहे, ती कशाला हो म्हणेल?”

मी माफी मागायला लागले.

“माझी माफी नका मागू,” ती म्हणाली. “खोलीत सगळ्यांसमोर सांगा.”

मी मोठ्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “जाऊ दे, झालं ते झालं. आता परत चर्चा नको.” मला तेवढं पुरलं. मधल्या सुट्टीत सगळ्या जमल्या होत्या, मी दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल विचारलं. जूनमध्ये तिने वरळीच्या शाळेत बदली मागून घेतली.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी, एका रविवारी, मी पेढे घेऊन तिच्या चाळीत गेले. ती नव्हती, लग्न होऊन नाशिकला गेली होती. आईने मला ओळखलं, बसवलं, चहा टाकला. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि नाक पाहिलं.

“बरं दिसतंय. माझी लेक तुझं नाव काढायची,” ती म्हणाली. “एवढ्या लांबनं येते पोर, म्हणायची, एक दिवस खाडा नाही.”

म्हणजे तिच्या वासाची तक्रार मीच केली होती, हे मुलीने आईला सांगितलंच नव्हतं. मी तिथे सांगायला हवं होतं. मी चहा प्यायले, नाशिकचा पत्ता मागून घेतला आणि निघाले. त्या पत्त्यावर मी कधी पत्र टाकलं नाही.